कण्हेर उपटू नका, तिची छाटणी उचला

प्रति,
राज्यातील महापालिका, नगरपालिका आणि नगरपंचायतींच्या उद्यान विभागांचे अधिकारी,
महामार्गांच्या दुभाजकांची निगा राखणारे ठेकेदार,
आणि गृहनिर्माण संस्थांमध्ये बागेचं काम पाहणारे सर्व,

सप्रेम नमस्कार.

मी रोपवाटिका चालवते. सासऱ्यांनी सुरू केलेली ही अडीच एकरांची जागा पुणे-सोलापूर रस्त्यापासून थोडी आत आहे. गेली एकवीस वर्षं मी इथे कण्हेरीची रोपं करते आणि विकते. पांढरी, गुलाबी, तांबडी, दुहेरी पाकळीची, आणि आता कुंडीत मावणारी बुटकी जातसुद्धा. तुमच्या दुभाजकांत जी फुललेली रांग उभी आहे, तिच्यातली काही रोपं आमच्या काळ्या पिशव्यांतूनच गेलेली असतील. त्यामुळे हे पत्र लिहिणं माझ्याकडे लागतं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी आमच्या भागातल्या दुभाजकाची छाटणी झाली. पावसाळ्यात कण्हेर दोन पुरुष उंच झाली होती, रस्त्यावर झुकली होती. छाटणं गरजेचंच होतं. माणसं आली, दोन दिवस कोयते आणि कात्र्या चालल्या, फांद्या ट्रॉलीत भरल्या आणि ट्रॉली ओढ्याकाठच्या पडीक जागेत रिकामी केली. त्या जागेत गावाची गुरं चरतात. फांद्या तीन दिवस ऑक्टोबरच्या उन्हात पडून राहिल्या.

आमच्या बांधाला लागून ज्यांचं शेत आहे, त्यांना आम्ही मामा म्हणतो. त्यांची खिल्लार गाय होती, हरणी नावाची, दुसऱ्यांदा गाभण. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती गोठ्यात आली ती मान खाली घालूनच. रवंथ बंद. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. थोड्या वेळाने पातळ शेण पडू लागलं, त्यात रक्ताचे धागे. मागचे पाय थरथरायला लागले तेव्हा मामांनी पशुवैद्यांना फोन केला. डॉक्टर नऊच्या सुमारास पोचले. त्यांनी डाव्या कोपरामागे नळी लावली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. मग म्हणाले, "ठोके येतात, मधेच गायब होतात, मग दोन एकदम पडतात." त्यांनी कोळशाची पूड पाजली, इंजेक्शनं दिली, रात्रभर थांबले. पहाटे हरणी गेली, पोटातल्या वासरासकट.

सकाळी शवविच्छेदन झालं. कोटीपोटातल्या ओल्या चाऱ्यात पानांचे तुकडे होते, बोटाच्या पेरापेक्षा मोठे नव्हते. डॉक्टरांनी एक तुकडा पाण्यात धुऊन तळहातावर पसरला. मधली शीर जाड, पिवळट. तिच्या दोन्ही बाजूंनी फणीच्या दातांसारख्या जवळजवळ, सरळ, एकमेकींना समांतर गेलेल्या बारीक शिरा. मी ते पान रोज हाताळते. ओळखलं मीच.

मामा म्हणाले, "सूनबाई, हे झाड तुमच्याकडचंच ना?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला मात्र त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. जे उत्तर द्यायचं होतं ते आता तुम्हा सर्वांना लिहिते आहे, कारण ते एकट्या माझ्या हातातलं नाही.

सगळ्यात आधी हे सांगते की कण्हेर काढून टाका अशी माझी मागणी नाही. गावात त्या आठवड्यात ती मागणी झाली होती, आणि मला ती समजत होती. पण उन्हाळ्यात, एप्रिल-मे महिन्यात, दुभाजकाच्या त्या चार फुटी पट्ट्यात उभं राहून पाहावं. दोन्ही बाजूंना तापलेलं डांबर, खाली बांधकामाचा राडारोडा मिसळलेली माती, वर धूर, टँकर येईल तेव्हाच पाणी. तिथे जगणारं, वर्षभर हिरवं राहणारं आणि शिवाय फुलणारं झुडूप किती आहेत? कागदी फुलांची बोगनवेल आहे, आणखी दोन-चार नावं घेता येतील, आणि कण्हेर आहे. तिची दाट पालवी समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांचा झोत अडवते. रात्री गाडी चालवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. केंद्राने २०१५ साली हरित महामार्ग धोरण आणलं, त्यानंतर दुभाजकांतल्या लागवडीला जोर आला आणि आमच्याकडची कण्हेरीची मागणीही वाढली. पेन्सिलीएवढ्या जाडीची वीतभर फांदी पावसाळ्यात मातीत खोचली की मुळं धरते. इतकं साधं, स्वस्त आणि चिवट दुसरं फारसं काही नाही.

आणि तिच्यावर जगणारेही आहेत. कॉमन क्रो नावाचं तपकिरी-काळं फुलपाखरू कण्हेरीच्या पानांवर अंडी घालतं. त्याचा कोश पानाखाली लटकलेला असतो, आरशासारखा चकचकीत, चांदीचा थेंबच वाटावा असा. आमच्या मातृवृक्षांच्या रांगेत असे कोश दिसले की त्या फांद्यांची कलमं आम्ही घेत नाही, पाखरू उडून जाईपर्यंत थांबतो. ज्या विषाने हरणी गेली, त्याच झाडाची पानं खाऊन ती अळी वाढते.

तर विषाबद्दल. कण्हेरीच्या मुळापासून फुलापर्यंत प्रत्येक भागात ओलिअँड्रिन आणि त्याच्या जातीची द्रव्यं असतात. हृदयाच्या पेशींमध्ये सोडियम बाहेर टाकणारा आणि पोटॅशियम आत घेणारा एक पंप सतत चालू असतो; ही द्रव्यं तो पंप अडवतात. त्यामुळे रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि ठोक्यांची लय बिघडते. हृदयरोग्यांना देतात ते डिगॉक्सिन याच प्रकारचं द्रव्य आहे, फक्त तिथे मात्रा मोजूनमापून, डॉक्टरांच्या नजरेखाली दिली जाते. मोठ्या जनावराचा जीव जायला पंधरा-वीस पानंही पुरतात. ज्या पाण्यात कण्हेरीच्या फांद्या ठेवल्या, ते पाणीही विषारी होतं. पूर्वी मी काही कलमं बाटलीत पाणी भरून मुळावर आणत असे. आमच्याकडे काम करणाऱ्या बायकांची लहान मुलं आवारातच खेळतात, हे एक दिवस डोक्यात लख्ख आलं आणि तेव्हापासून बाटल्या बंद केल्या. आता सगळं मातीतच.

नीट समजून घ्यायची गोष्ट पुढेच आहे. उभ्या झुडपाच्या हिरव्या पानाला गाय-म्हैस सहसा तोंड लावत नाही, पान जहरी कडू लागतं. म्हणूनच तर "गुरं खात नाहीत" हा कण्हेरीचा गुण म्हणून सांगितला जातो. मीही गिऱ्हाइकांना अनेक वर्षं तो सांगितला. पण पान कापून सुकलं, गवतात मिसळलं, की जनावर ते गवताबरोबर ओढून घेतं. आणि सुकल्याने विष जात नाही. वाळलेलं पानही तितकंच घातक राहतं. म्हणजे झाड उभं असताना जे जनावराला राखतं ते कडवटपण, आपण ते कापून टाकून दिलं की राखत नाही. हा फरक माहीत असणारा एकही माणूस त्या ट्रॉलीजवळ नव्हता.

आपल्या जुन्या लोकांना तो माहीत होता. संस्कृतात कण्हेरीला करवीर म्हणतात, आणि तिचं दुसरं नाव अश्वमारक, घोडा मारणारी. नावातच इशारा दिला आहे. चरकांनी त्वचारोगांवरच्या कुष्ठघ्न गणात करवीर घेतली आहे. आयुर्वेदात ती उपविषांत मोजतात आणि शोधन केल्याशिवाय वापरत नाहीत. गणपतीच्या एकवीस पत्रींत धोत्रा, रुई यांच्या जोडीने कण्हेर आहे. घरोघरी "करवीरपत्रं समर्पयामि" म्हणत ती वाहिली जाते. माझ्या सासूबाई परसातली कण्हेर स्वतः छाटत. फांद्या गोठ्याच्या उलट्या बाजूला न्यायच्या, उकिरड्यात तळाशी घालायच्या, वर शेण टाकायचं, मग विळा आणि हात राखेने घासायचे. कुणी शिकवलं ते त्यांना आठवत नव्हतं. त्या घरात झाड छाटणारी आणि गाय बांधणारी एकच बाई होती.

आज झाड परसातून रस्त्यावर आलं. लावणारा वेगळा, छाटणारा वेगळा, ट्रॉली ओतणारा वेगळा, आणि गाय आणखी चौथ्याचीच. छाटायला आलेली मुलं दूरच्या जिल्ह्यांतून रोजंदारीवर येतात. त्यांच्यातल्या एकाला मी विचारलं, तर त्याला झाडाचं नावही ठाऊक नव्हतं. यात त्याचा दोष काय? त्याला कुणी सांगितलंच नाही. त्याच्या हातांवर चीक वाळला होता आणि त्याच हातांनी तो भाकरी सोडत होता. मी त्याला आधी हात धुवायला लावले.

झाड मारायला निघण्याचा मोह इतरांनाही झालेला आहे. जपानमधल्या फुकुओका शहरात २००९ च्या डिसेंबरमध्ये शाळांच्या आवारातली सगळी कण्हेर तोडायचं ठरलं, विष आहे म्हणून. थोड्याच दिवसांत ते शहराला मागे घ्यावं लागलं. त्याच देशात हिरोशिमाचं नगरपुष्प कण्हेर आहे. १९४५ च्या अणुबॉम्बनंतर जळालेल्या जमिनीतून जी झाडं लवकर फुलली त्यांत ती होती, आणि १९७३ साली त्या शहराने तिला आपलं फूल म्हणून निवडलं. एवढ्या मोठ्या आगीनंतर जे झुडूप डोकं वर काढतं, ते आमच्या गावात एका ट्रॉलीमुळे बदनाम व्हावं हे मला सहन होत नाही.

केरळने मात्र नेमकं पाऊल उचललं. २०२४ च्या एप्रिलअखेरीस तिथली चोवीस वर्षांची एक परिचारिका परदेशी नोकरीला निघाली होती. निघण्याआधी घराजवळ फोनवर बोलताना तिने सहज कण्हेरीचं पान तोडून चावलं, असा प्राथमिक संशय डॉक्टरांनी व्यक्त केला. विमानतळावर ती कोसळली आणि पुढे तिचा मृत्यू झाला. तिथे या फुलाला अरळी म्हणतात आणि देवळांत ते भरपूर लागतं. मे महिन्यात देवळांचा कारभार पाहणाऱ्या त्रावणकोर आणि मलबार या दोन्ही देवस्वम मंडळांनी नैवेद्य आणि प्रसादात अरळी वापरायला मनाई केली. पूजेतलं फूल तसंच राहू दिलं. म्हणजे झाड तोडलं नाही, श्रद्धेला धक्का लावला नाही, फुलाची तोंडाकडे जाणारी वाट तेवढी बंद केली. मला तुमच्याकडून तेवढंच हवं आहे.

आमच्याकडे ती वाट छाटणीतून जाते. म्हणून छाटणीच्या निविदेत आणि करारात एक ओळ घाला: कण्हेरीची छाटलेली प्रत्येक फांदी त्याच दिवशी, झाकलेल्या गाडीतून उचलायची आणि जनावरं पोचणार नाहीत अशा ठिकाणीच टाकायची; तसं झाल्याची नोंद असल्याशिवाय बिल निघणार नाही. जाळायची नाही, तो धूरही अपायकारक असतो. चांगल्या कुजलेल्या खतात हे विष विघटित होतं, त्यामुळे तुमच्या खतप्रकल्पात फांद्यांचा बारीक चुरा करून घालायला हरकत नाही. पण तो खड्डा कुंपणात हवा आणि खत पूर्ण पिकेपर्यंत बाहेर जाता कामा नये. छाटणीचा वार ठरला की आदल्या दिवशी त्या रस्त्यालगतच्या गावांत दवंडी द्या, ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सअॅप गटावर टाका. मामांना एक दिवस आधी कळलं असतं तर हरणी दावणीला राहिली असती.

छाटणाऱ्या माणसांना हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, डोळ्यांना चष्मा आणि जेवणाआधी साबण-पाणी मिळायला हवं. अवजारं धुतल्याशिवाय दुसऱ्या कामाला घ्यायची नाहीत. कण्हेर कापलेल्या कोयत्याने दुपारी ऊस सोलून खाल्लेला मी पाहिला आहे. सुदैवाने त्या दिवशी काही झालं नाही.

दुसरी वाट गणपतीनंतर उघडते. पत्रीच्या जुड्या बाजारात येतात, पूजा होते, आणि पुष्कळ घरांतलं निर्माल्य पुण्य म्हणून गाईपुढे टाकलं जातं. त्यात कण्हेर आहे, धोत्रा आहे, रुई आहे. नगरपालिका निर्माल्य कलश ठेवतात हे चांगलंच आहे. त्या कलशावर मोठ्या अक्षरांत लिहा की हे निर्माल्य गाईला घालू नये. गोशाळांना उद्यान विभागाने लेखी कळवावं. ही सूचना देवाधर्माच्या विरोधात नाही. गाय वाचावी असं ज्याला वाटतं, तोच ती सर्वांत आधी पाळेल.

आता पिवळ्या कण्हेरीबद्दल थोडं वेगळं लिहावं लागेल, कारण तिच्याबाबतीत माझं मत कडक आहे. तिला आपण बिट्टी म्हणतो. पिवळी, घंटेसारखी फुलं आणि हिरवी, कोनदार, चकचकीत फळं. ती मूळची अमेरिका खंडातली, कण्हेरीची नुसती कुळबहीण. विष त्याच जातीचं, आणि बियांत सर्वांत जास्त. लहानपणी आम्हीही त्या बिट्ट्या वेचून खेळलो आहोत, खिशात भरून घरी नेल्या आहेत. खेळता खेळता एखादं पोर ती फोडेल आणि आतला गर तोंडात टाकेल, हा विचार तेव्हा मोठ्यांच्याही मनात आला नव्हता. अंगणवाडी, शाळेचं मैदान, बागेतला घसरगुंडी-झोपाळ्यांचा कोपरा, इथे बिट्टी नकोच. जिथे आधीच आहे तिथून ती हलवा किंवा तिथे फळ धरू देऊ नका. साधी कण्हेरही या जागांपासून चार हात लांब असावी, वर्गाच्या खिडकीला लागून तर नकोच. सोसायट्यांत हल्ली कुंड्यांमधून अडेनियम हौसेने ठेवतात, तेही याच कुळातलं आणि याच प्रकारचं विष असलेलं आहे. जिन्याच्या तोंडाशी, रांगत्या बाळाच्या हाताला येईल असं ठेवू नका.

बागेत प्रत्येक ताटव्यासमोर एक पाटी हवी. झाडाचं नाव, खाली "सर्व भाग विषारी, तोंडात घालू नये", आणि त्याखाली: चुकून चावल्यास उलटी करवू नका, घरगुती उपाय करू नका, फांदी सोबत घेऊन लगेच रुग्णालयात जा. फांदी सोबत असेल तर डॉक्टरांना अंदाज करत बसावं लागत नाही, ते लगेच हृदयाचा आलेख काढतात. या विषाला प्रतिविष आहे. डिगॉक्सिनवर वापरायची प्रतिपिंडं पिवळ्या कण्हेरीवरही काम करतात हे श्रीलंकेत झालेल्या अभ्यासाने २००० साली दाखवलं. पण ती महाग असतात आणि तालुक्याच्या ठिकाणी सहजी मिळत नाहीत. म्हणून वेळ हेच तिथे मोठं औषध ठरतं.

माझ्याकडून जे होण्यासारखं होतं ते मी सुरू केलं आहे. आमच्या प्रत्येक कण्हेरीच्या पिशवीला आता पिवळी चिठ्ठी असते. ठेकेदार आला की त्याला आधी विचारते, रोपं कुठे लागणार आहेत. शाळेसाठी हवी असतील तर देत नाही, त्याऐवजी जास्वंद किंवा एक्झोरा सुचवते. एक-दोन मोठ्या मागण्या त्यामुळे हातच्या गेल्या. त्या गेल्याचं दुःख हरणीच्या दुःखाजवळ जात नाही.

तुमच्यापैकी ज्या विभागाला हवं असेल, त्यांच्या माळ्यांना आणि छाटणीच्या टोळीला मी आमच्या रोपवाटिकेत बोलावून अर्धा दिवस हे सगळं प्रत्यक्ष दाखवायला तयार आहे. कण्हेर कोणती, बिट्टी कोणती, पान कसं ओळखायचं, हात आणि कोयता कसा धुवायचा. खर्च काही नाही, दुपारचं जेवण आमच्याकडे. पिवळ्या चिठ्ठीचा मजकूर मागाल तर तसाच छापायला देईन.

पावसाळा संपत आला की दुभाजक पुन्हा वाढलेले असतील आणि छाटणीची कामं निघतील. त्याआधी तुमच्याकडून उत्तर यावं ही विनंती. मामांनी नवी कालवड आणली आहे. ओढ्याकाठी सोडायची की नाही, असं ते मला विचारत होते. मी त्यांना थांबा म्हटलं आहे.

आपली,
कण्हेरीची रोपं करून विकणारी एक रोपवाटिकाचालक